जंतवाल्या बाईंची विहीर

चंद्रपूरच्या आमच्या कॉलेजात बाई मुलांच्या आधी किड्यांची हजेरी घ्यायच्या. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा आणि विचारायचं, "कसे काय बाप्पा, झाली का झोप?" ते किडे म्हणजे सूत्रकृमी. मिलिमीटरभर लांब, काचेसारखे आरपार दिसणारे. पाण्यात विषारी काही असलं की त्यांची वळवळ मंदावते, पिल्लं कमी होतात. आसपासच्या नाल्यांचं पाणी बाई त्यांच्यावरच तपासायच्या. आम्ही प्राणिशास्त्राच्या पोरींनी त्यांचं नाव पाडलं, जंतवाल्या बाई. ते त्यांच्या कानावर गेलंच. "जंतवाली तं जंतवाली. तुमच्याहून बरे हाय ते, खोटं तं नाई बोलत!"

या लेकरांना गारवा लागतो, आणि आमचा मे महिना तर सगळ्यांना ठाऊक आहे. त्यात लाइट जायची. मग बाई काचेच्या बशा डब्यात घालून ओल्या रेतीतल्या माठात ठेवायच्या. घरी कूलरसमोरची जागाही जंतांची, बाई बसायच्या कोपऱ्यात घाम पुसत. किडे बशीतल्या जेलीसारख्या घट्ट खळीवर वाढायचे; दर थोड्या दिवसांनी जुन्या बशीतल्या खळीचा तुकडा कापून नव्या बशीत ठेवायचा, की वंश पुढे चालू. अगदी विरजणासारखं.

बाईंचं घर जुन्या मोहल्ल्यात. अंगणात त्यांच्या अब्बांनी खोदलेली विहीर. चहाच्या आधी प्रत्येकाच्या हाती तिच्या पाण्याचा गिलास यायचाच. "पेऊन तं पाहा! फ्रिज काय करीन याच्यापुढं?" नाल्याच्या पाण्याशी तुलना करायला चांगलं पाणी हवं, तर तेही याच विहिरीचं. ते कधी तपासावं, असं बाईंच्या मनातही आलं नव्हतं. पुढं पुढं नाल्याच्या आणि विहिरीच्या पाण्यात फरकच दिसेना, म्हणून माझ्या आग्रहाखातर एकदा प्रयोगशाळेतलं शुद्ध पाणीही शेजारी मांडलं. शुद्ध पाण्यात किडे मजेत होते. विहिरीच्या पाण्यात नाल्यासारखेच मलूल.

"बाई, हे हलत नाहीत."

"बशा बदलल्या असतीन तुनं. सरक!"

त्यांनी स्वतः मांडलं. पुन्हा तेच. अजून एकदा मांडलं. डोळा सूक्ष्मदर्शकालाच लावून, "अब्बानं शेवटचा घोट याच विहिरीचा घेतला होता व," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी घरोघर फिरल्या. "काय मिसळलं ते हे किडे नाई सांगत. पण कायतरी हाय. पेऊ नका." लोक चिडले. किड्यांचं ऐकून बापाची विहीर बुजवायला निघाली म्हणाले. चुलतभावानं बोलणं टाकलं. बाईंनी विहिरीवर टिनाचा पत्रा टाकला आणि त्या नळाचं पाणी पिऊ लागल्या, दर घोटाला तोंड वाकडं करत.

निवृत्तीनंतर त्या आजारी पडल्या. भेटायला गेले तेव्हा जेवणाच्या डब्यात घालून एक बशी हातात दिली. "विरजण समज. मोडू देऊ नको. आन् माह्या विहिरीत हे नाचतीन ना, त्या दिवशी मले सांगजो." तो दिवस पाहायला त्या राहिल्या नाहीत.

आता त्याच प्रयोगशाळेत मी शिकवते. पोरी मलाही जंतवाली म्हणतात, आणि मला ते मनापासून आवडतं. बशीतले किडे बाईंच्याच किड्यांच्या वंशातले. दर पावसाळ्यानंतर मी मोहल्ल्यात जाते, पत्रा सरकवते, बाटलीभर पाणी आणते. दर वर्षी किडे मलूलच. मध्यंतरी लोकांनी भांडून वरच्या अंगाचा, विहिरीकडे झिरपणारा घाण पाण्याचा नाला दुसरीकडे वळवून घेतला. त्या भांडणात बाईंचा चुलतभाऊ सगळ्यांत पुढे होता.

यंदा विहिरीच्या पाण्यात किडे शुद्ध पाण्यातल्यांसारखेच सळसळले. एवढ्यानं पाणी पिण्याजोगं ठरत नाही, बाईंनी आधी तेच सुनावलं असतं. म्हणून पुन्हा मांडलं. मग अजून एकदा.

तिसऱ्यांदाही नाचले, तशी मी गर्रकन वळले. माठाजवळ बाईंची खुर्ची होती, रिकामी. तरी मी मोठ्यानं म्हणालेच, "बाई, नाचून राह्यले!"

ऐकायला तुम्ही हव्या होतात हो, बाई.