वन्संचं मतदान कार्ड

आमच्या घरात या खेपेला मतदान कार्डाची वाट दोघीजणी पाहत होत्या. एक माझी नात, नुकतीच अठरा पूर्ण झालेली, आणि दुसऱ्या माझ्या नणंदबाई, सत्तरीला टेकलेल्या. नातीचं कार्ड आधी आलं. तिनं पाकीट फाडलं, स्वतःचा फोटो पाहिला आणि कार्ड उपडं करून टेबलावर ठेवलं.

"आजी, मी अशी दिसते?"

मी चष्मा लावून नीट पाहिलं आणि खरं काय ते सांगितलं, की थोडी दिसतेस. दिवसभर बोलली नाही माझ्याशी.

खरं तर तिला हसायचा मला काही अधिकार नव्हता. फोटोची कार्डं पहिल्यांदा निघाली, तेव्हा आमच्या इथल्या शाळेत कॅमेरा लावला होता. पस्तिशी उलटलेली, दोन पोरांची आई मी, पण अक्कल अजून माहेरीच ठेवून आलेली. लग्नातला शालू नेसले, नथ घातली, पावडरचा डबा तोंडावर पालथा केला आणि रांगेत जाऊन उभी राहिले. फोटोवाला म्हणाला, "बाई, पदर कानामागं घ्या, कान दिसले पाहिजेत." परका माणूस माझ्या कानांबद्दल बोलतो म्हणजे काय, असा मला संताप आला आणि त्या संतापातच फोटो निघाला. पुढं कित्येक महिने मी त्या कार्डाकडं डोळे लावून बसले होते, जसं काही ते बघून कुणी मला सिनेमात घेणार होतं. आलं तेव्हा त्यातली नथ तेवढी ओळखू येत होती. मी ते बाजरीच्या डब्यात खुपसलं आणि ह्यांना सांगितलं, माझं काही आलं नाही बाई अजून. मतदानाच्या आदल्या दिवशी सासूबाईंनी दळणासाठी बाजरी काढली, तर हाताला कार्ड लागलं. उजेडात धरून त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "ही कोण बाई आपल्या डब्यात?"

तर कार्डाच्या बाबतीत माझी कारकीर्द ही अशी. वन्संचं तसं नव्हतं. वन्सं म्हणजे ह्याच नणंदबाई. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून मी त्यांना वन्संच म्हणते, आणि त्या मला वहिनी. त्यांना फोटोशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना कार्डाच्या मागच्या बाजूशी काम होतं, जिथं पत्ता असतो तिथं.

वन्संना घोटीच्या बाजूला, भातशेतीच्या गावात दिलं होतं. मूलबाळ झालं नाही. यजमान गेले, त्यानंतर थोरल्या दिराच्या घरात त्यांच्या ताटाची जागा हळूहळू दाराकडं सरकायला लागली. तेव्हा आमच्या ह्यांनीच त्यांना इकडं आणलं. आता हेही नाहीत, पण वन्सं आहेत. मखमलाबादच्या बाजूला आमचा थोडा मळा आहे, चारी बाजूंनी बिल्डिंगा उठल्यात, मध्ये आम्ही झेंडू आणि मेथी धरून बसलोय. गंगेवर, म्हणजे आमच्या इथल्या नदीच्या घाटावर, जाणाऱ्या फुलांचा सगळा कारभार वन्संकडं. पहाटे कुठली फुलं तोडायची आणि कुठली ठेवायची, हे माझा मुलगासुद्धा त्यांना विचारतो. तरी सुनेनं काही नवीन आणलं, पडदे म्हणा, भांडं म्हणा, की वन्सं म्हणणार, "तुमच्या घरात शोभतंय." तुमच्या.

सासरच्यांना त्यांची आठवण निवडणुकीला व्हायची. दिराचा मुलगा तिकडं पुढारपण करतो. नाव तिकडच्या यादीत, म्हणून मतदानाच्या दिवशी सकाळी त्याची जीप आमच्या फाटकाशी उभी राहायची. "काकू, चला." काकू जायच्या. मत द्यायच्या. दुपारी जीप त्यांना परत सोडून जायची. घरात चला, दोन घास खा, राहा आजच्या दिवस, असं कुणी म्हणायचं नाही. एकदा तर उपाशीच आल्या. मी चिडले तर म्हणाल्या, "जाऊ द्या वहिनी, त्यांची पण धावपळ असती."

नाही म्हणणं त्यांना कधी जमलंच नाही. मला जमतं. मला जरा जास्तच जमतं.

नातीचं नाव नोंदवायला शाळेतल्या बाई घरी आल्या होत्या, तेव्हा वन्सं मेथी निवडत कोपऱ्यात बसल्या होत्या. बाई उठायला लागल्या तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, "माझं पण इकडं करता येतं का हो?" बाई म्हणाल्या, येतं की. नातीनं मोबाईलवर सगळं भरलं, फोटो काढला. वन्संनी मेथीची जुडी खाली ठेवली नाही, फोटोत खालच्या कडेला दोन पानंसुद्धा आली होती म्हणून परत काढावा लागला.

त्या दिवसापासून दुपारची मेथी फाटकाजवळ निवडायला लागल्या. पोस्टमनची वेळ तीच.

"वन्सं, नाव लागलं की झालं," मी म्हणायचे. "आधार दाखवून पण मत देता येतं."

"आधारवर घोटीचा पत्ता हाय."

"असू दे की. यादीत नाव आहे ना इथलं."

नातीनं मोबाईलमध्ये यादी उघडून दाखवली. शेवटी नव्यानं लागलेल्या नावांत त्यांचं नाव होतं. त्यांनी बघितलं, मान हलवली, आणि नात आत गेल्यावर मला म्हणाल्या, "मोबाईलचं काय, आज दिसतं अन् उद्या नाय. तिकडचं नाव कापलं अन् इकडं नीट लागलं नाय, तर मी कुठलीच नाय, वहिनी." मग थोड्या वेळानं, "कार्ड हातात असलं म्हणजे त्याला सांगता येईल. हे बघ बाबा, आता मी नाय येऊ शकत."

म्हणजे त्यांना नकार द्यायला कार्ड हवं होतं. स्वतःच्या तोंडावर त्यांचा भरवसा नव्हता.

ही बातमी पुतण्याच्या कानावर गेली होतीच, त्याचे फोन सुरू झाले होते. फोन मोठा करून ठेवायची वन्संना सवय, त्यामुळं आम्हाला सगळं ऐकू यायचं. "काकू, कार्ड आलं का तिकडचं? नाय ना? मग तुमचं नाव इकडंच हाय. लय टेन्शन घेऊ नका. गाडी पाठवतो." वन्सं फोन ठेवायच्या आणि परत फाटकाशी जाऊन बसायच्या.

आता माझा पराक्रम सांगते.

एक दिवस वन्सं सुनेबरोबर दाताच्या डॉक्टरकडं गेल्या होत्या. मी एकटीच ओट्यावर झेंडूच्या माळा करत बसले होते. पोस्टमन आला, नवा होता, नेहमीचा नव्हता. हातातलं पाकीट बघून त्यानं एक नाव विचारलं. पूर्ण नाव, आडनावासकट. मी सुई थांबवलीसुद्धा नाही. म्हटलं, "नाही बाबा, असं कोणी नाही इथं. समोरच्या बिल्डिंगमध्ये बघ, तिथं रोज नवीन बिऱ्हाडं येतात." त्यानं विचारलं, "नक्की ना आजी? पत्ता तर हाच आहे." मी म्हटलं, "पन्नास वर्षं राहतेय मी या घरात. मला माहीत नसेल?" गेला बिचारा. मला वर वाटलं, किती छान मार्ग दाखवला मी त्याला.

पुढच्या आठवड्यात तोच पोस्टमन लाईट बिलाचं काहीतरी घेऊन आला. वन्सं फाटकाशीच होत्या, मी मागं ओट्यावर माळा करत. त्यांनी धीर करून विचारलं, "भाऊ, माझं मतदान कार्ड यायचंय, काय कळतंय का?" त्यानं नाव विचारलं. वन्संनी सांगितलं.

"ते तर मी आणलं होतं की," तो म्हणाला. आणि त्यानं माझ्याकडं बोट केलं. "या आजी म्हणाल्या, असं कोणी इथं राहत नाही."

मी सुई माळेत खोचून फाटकाशी आले.

"समोर पण विचारलं मी," तो म्हणाला. "कुणालाच माहीत नव्हतं. परत पाठवलं. आता तिकडून पुन्हा येईल तेव्हा येईल."

तो गेला. वन्सं वळल्या. "वहिनी, तुम्हाला माझं नाव माहीत नाय?"

माहेरचं नाव माहीत होतं, सासूबाई त्याच नावानं हाका मारायच्या. पण लग्नात सासरी त्यांचं नाव बदललं होतं, तांदळाच्या ताटात अंगठीनं लिहून. आणि मजा अशी, की मी तिथंच होते. मी पाठराखीण म्हणून सोबत गेले होते. नवी नवरी मीच, वर्षभरापूर्वीची, मला वाटायचं सगळं जग माझ्या साडीकडं बघतंय. त्या ताटाभोवती बायका गोळा झाल्या, कुणीतरी नाव मोठ्यानं वाचलं, सगळ्या हसल्या, साखर वाटली. मी साखर खाल्ली. पण माझं लक्ष वन्संच्या मोठ्या जावेच्या दंडातल्या वाकीवर होतं, ती माझ्या वाकीपेक्षा जाड आहे की काय, या विवंचनेत. नाव कानावरून गेलं ते गेलंच. इकडं परत आल्यावर कशाला लागतंय? मुलांना आत्या, मला वन्सं, सगळ्या गल्लीला आत्या. भाजीवाला पण आत्याच म्हणतो. आडनावावरून तरी ओळखायला हवं होतं, पण तेव्हा माझं सगळं लक्ष माळेत.

मी म्हटलं, "वन्सं या नावानं पाकीट आलं असतं, तर मी सही करून घेतलं असतं हो."

वन्सं हसायला लागल्या. इतक्या हसल्या की डॉक्टरनं नुकताच बसवलेला दात दाबून धरावा लागला. "पन्नास वर्षं राहतेय म्हणाल्या त्या," असं रात्री सुनेला सांगताना परत हसल्या. सून पण हसली, नातीनं तर मैत्रिणींना कळवलंसुद्धा. पण जेवताना मात्र वन्संनी अर्धी भाकरी तशीच ठेवली. तेवढ्यात फोन वाजला. "काकू, कार्ड?"

"नाय आलं," वन्सं म्हणाल्या.

"मग येतोच मतदानाच्या सकाळी. तयार राहा."

त्यांनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. फोन ठेवला आणि भांडी उचलायला लागल्या.

मतदानाच्या दिवशी मी पहाटेपासून कंबर कसून बसले होते. चूक माझी, तेव्हा भांडणही मीच करणार, असं ठरवलं होतं. पुतण्याला काय काय ऐकवायचं, याची मनात उजळणी चालू होती. उपाशी पाठवल्याचं त्यात दोनदा येत होतं. जीप आली. तो फाटकातूनच म्हणाला, "मामी, काकूंना सांगा लवकर, ट्रॅफिक लागंल." मी तोंड उघडणार, तोच वन्सं बाहेर आल्या. आंबा रंगाची चांगली साडी, केस चापून बसवलेले, हातात पर्स. त्या सरळ जीपकडं गेल्या, पुढचं दार उघडलं आणि बसल्या. म्हटलं, झालं, चालल्या.

"वहिनी, या ना," त्या काचेतून म्हणाल्या. "पोरीला पण घ्या."

"मामी कशाला?" पुतण्या गोंधळला. "काकू, घोटीला जायचंय ना आपल्याला?"

"शाळेपर्यंत सोड आम्हाला. हितल्या. माझं मत आता हितं हाय."

"कार्ड तर आलं नाय म्हणाल्या तुम्ही."

"कार्ड नाय आलं. मी आलीय ना."

"काकू, मी एवढा लांबून आलो—"

"मग चहा घेऊन जा," वन्सं म्हणाल्या. "वहिनी, ह्याला चहा द्या. पोहे पण हायेत. उपाशी नको जायला."

टोमणा होता की माया, हे मला अजून कळलेलं नाही. त्यालाही कळलं नसावं. त्यानं ओट्यावर बसून मुकाट पोहे खाल्ले, परत घेतले. माझं एवढं तयार करून ठेवलेलं भाषण वाया गेलं. वन्सं तोपर्यंत जीपमधून उतरल्या नाहीत, नाहीतर जागा जाईल अशा बसून राहिल्या होत्या. मग मी आणि नात मागं चढलो, आणि काकूंना न्यायला आलेल्या जीपनं काकूंना आमच्या शाळेशी आणून सोडलं. रस्ता वन्संच सांगत होत्या. "थांबू का?" त्यानं विचारलं. "नको, जा तू, तुझी धावपळ असंल," वन्सं म्हणाल्या. "आम्ही चालत जाऊ घरी."

आत बाईमाणसांची लांब रांग होती. वन्सं माझ्या पुढं. आधार दोन्ही हातांत धरलेलं. टेबलावरच्या मॅडमनी यादीची पानं उलटली, परत उलटली. वन्संनी मागं हात करून माझं मनगट धरलं. मग शेवटच्या पानावर मॅडमचं बोट थांबलं आणि त्यांनी नाव मोठ्यानं वाचलं. वन्संनी माझं मनगट सोडलं आणि बोट पुढं केलं.

मी मत देऊन बाहेर आले, तर त्या शाळेच्या पटांगणात एका बाईशी बोलत उभ्या. नव्या बिल्डिंगमधली असावी, कडेवर मूल, खोली सापडत नव्हती तिला. "तुम्ही इथल्याच का?" असं तिनं विचारलं असावं, कारण वन्सं म्हणत होत्या, "हितलीच. ह्याच शाळेत होते मी. त्या चिंचेच्या झाडाकडून सरळ जा, उजव्या हाताला चौथीचा वर्ग, तिथं तुझी खोली."

पटांगणात चिंच नव्हती. चिंच तोडून तिथं पत्र्याची शेड झाली त्याला कितीतरी काळ लोटला. ती बाई मूल सावरत इकडं तिकडं झाड शोधत होती. वन्सं बोट दाखवून उभ्या होत्या, शाई लागलेलंच बोट, आणि चेहऱ्यावर असा भाव, की ह्या नवीन लोकांना साधं झाड दिसत नाही.

मी त्या बाईला हळूच शेड दाखवली. वन्संना काही सांगितलं नाही.