आत्तीचा रिकामा डबा

आमच्या आत्तीला आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही. म्हटलं असेल, तर ते तिनं ऐकलेलं नाही. आत्ती म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. माहेर नेसरीचं, सासर कोल्हापुरातलं. आम्हीही कोल्हापुरातच, तिच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे राहतो. पण ती तिच्या गच्चीवर बोलते ते आम्हाला स्वयंपाकघरात बसून ऐकू येतं. एखादी गोष्ट मनात आली की ती झालेलीच आहे असं धरून आत्ती पुढच्या तयारीला लागते. माझं लग्न तिनं असंच लावलं. मुलगी बघून आलो, मी आपलं चहा पिता पिता म्हणालो की जरा विचार करून सांगतो, तर ही तोवर आचाऱ्याशी जिलेबी की बासुंदी यावर वाद घालून आलेली. दवाखान्यात नंबर लावून बसायचं असतं हे तिला कुणी शिकवलेलंच नाही. ती सरळ आत जाते, डॉक्टरांना "जेवलासा का?" म्हणून विचारते, आणि डॉक्टर बिचारे काय उत्तर द्यावं या विचारात असतानाच खुर्चीत बसून जीभ बाहेर काढते. बाहेर ताटकळणारे लोकही तिला काही बोलत नाहीत. बाहेर आल्यावर ती प्रत्येकाला काय होतंय ते विचारते आणि डॉक्टरांच्या आधी औषध सांगून मोकळी होते.

तिच्या लेखी सगळं जग पावणं. चौकातला पोलीस पावणं, भाजीवाला पावणं, चुकून फोन लागलेला माणूसही पावणं. असा एक चुकीचा फोन लागलेला हातकणंगल्याचा माणूस तिच्याशी तासभर बोलला आणि पुढच्या रविवारी बायकोला घेऊन जेवायला आला. आमचे मामा, म्हणजे आत्तीचे यजमान, या सगळ्याला इतके सरावलेत की दारात अनोळखी माणूस दिसला की नाव न विचारता पाण्याचा तांब्या आणतात.

अशा या आत्तीनं मनावर घेतलं ते माझ्या वडिलांना पाण्यात उतरवायचं. वडिलांना आम्ही आण्णा म्हणतो, आत्ती दादा म्हणते. आण्णा पट्टीचे पोहणारे. नेसरीच्या मळ्यातल्या विहिरीवर त्यांनी निम्म्या गावाला पोहायला शिकवलं. आमच्याकडची पद्धत सोपी. पाठीवर घट्ट बुचाचा रिकामा डबा बांधायचा, पोराला विहिरीच्या काठावर उभं करायचं, इकडच्या तिकडच्या गप्पा मारायच्या आणि मागनं ढकलून द्यायचं. डबा बुडू देत नाही, भीती गप्प बसू देत नाही, आणि दोन्हींच्या मध्ये माणूस पोहायला शिकतो. आत्तीलाही त्यांनी असंच ढकललं. पोरीला विहिरीत पोहायला शिकवलं म्हणून त्यांना घरच्यांची आणि गावची बोलणी खावी लागली, पण ते दुसऱ्या दिवशी तिला परत घेऊन गेले. पुढे कोल्हापुरात आल्यावरही गल्लीतली सगळी पोरं त्यांच्याच हाताखाली शिकली.

गेल्या वर्षी आण्णांना झटका आला आणि उजवी बाजू गेली. उपचार झाले, काठी धरून चार पावलं टाकू लागले, तुटक का होईना बोलू लागले. पण माणूस खुर्चीत बसला तो बसलाच. काहीही विचारलं की एकच उत्तर, नको. फिरायला जाऊ या, नको. मित्राला बोलावू का, नको. डॉक्टर म्हणाले, कमरेएवढ्या पाण्यात, कुणीतरी धरून हातपाय हलवायला लावा, फार फरक पडेल. मी पोहण्याच्या तलावावर सगळी व्यवस्था केली. गाडी दारात लावली. आण्णा उंबऱ्यापर्यंत आले आणि मागे फिरले. तिथं पोहायला येणारा एकेक जण त्यांच्या हातचा शिकलेला. त्यांच्यासमोर दुसऱ्याच्या आधारानं पाण्यात उतरायची त्यांना लाज वाटत होती. मला वाईट वाटलं, थोडा रागही आला, आणि मी तो विषय सोडून दिला.

आत्तीनं सोडला नाही. तिची मुलगी हॉटेलच्या धंद्यात बाहेरदेशी असते. तिनं आईवडिलांसाठी लांबच्या एका बेटावरच्या रिसॉर्टमध्ये राहायची सोय केली होती. मामांनी समुद्र खारट असतो एवढंच कारण देऊन अंग काढून घेतलं. आत्ती तडक आमच्याकडे आली आणि आण्णांच्या समोर उभी राहून म्हणाली, "दादा, तिथं आपल्या ओळखीचं कुत्रं बी न्हाय. चल." आण्णा म्हणाले, नको. ती माझ्याकडे वळून म्हणाली, त्याच्या दोन लुंग्या भर. आण्णांना सांभाळायला मी, माझ्यावर लक्ष ठेवायला आत्ती, असे आम्ही तिघं निघालो.

विमानतळावर तपासणीवाल्यानं आत्तीची पिशवी अडवली. आत भडंगाची पुडकी होती, त्याबद्दल त्याची तक्रार नव्हती. पण सोबत गोड्या तेलाचा एक रिकामा प्लॅस्टिकचा डबा आणि सुताचा दोर होता. आत काय आहे, त्यानं विचारलं. "काय न्हाय," आत्ती म्हणाली. मग नेता कशाला? "काय न्हाय म्हणूनच तर न्यायचा. भरलेला डबा बुडतोय की, पावणं." विमानात बसायच्या आधी बुडण्याचं नाव काढल्यामुळे आम्हाला बाजूला घेऊन अर्धा तास पिशव्या उचकटल्या. तिनं तेवढ्यात त्या माणसाच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी करून घेतली.

शेवटचा टप्पा पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानाचा होता. ते बेट म्हणजे पांढरी वाळू, चार माड आणि पाण्यात खांब रोवून बांधलेल्या खोल्या. स्वच्छ इतकं की खाली पान पडलं तर कुणीतरी धावत येऊन उचलणार. उशा कुठल्या हव्यात ते कागदावरून निवडायचं. पलंगावर टॉवेलाचा राजहंस करून ठेवलेला, तो आत्तीनं गेल्या गेल्या उलगडला आणि आण्णांचे पाय पुसले. सकाळी आंघोळ झाल्यावर तिनं आपलं लुगडं सज्जाच्या कठड्यावर वाळत घातलं. अख्ख्या बेटावरून ते दिसत होतं. मॅनेजर आला. मोठा सभ्य माणूस, केरळकडचा, हिंदी जपून बोलणारा. तो कपडे वाळवायच्या यंत्राबद्दल सांगत होता आणि आत्ती त्याला भडंग वाढत होती. जाताना तो तोंड पुसत गेला आणि लुगडं तिथंच राहिलं.

आण्णा मात्र सज्जातल्या खुर्चीत बसून होते. समोर एवढा मोठा निळा समुद्र, आणि ते भिंतीकडे तोंड करून. नको म्हणायलाही त्यांनी मान फिरवली नाही. आत्ती डबा कुठं बांधायचा त्याचा अंदाज घेत त्यांच्या पाठीकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी नाश्ता करून आलो तर डबा गायब. झाडलोट करणाऱ्यांनी कचरा समजून नेला होता. बेटावरचा कचरा होडीत भरून दुसरीकडे पाठवतात आणि होडी सुटायच्या बेतात होती. मी म्हणालो, जाऊ दे, इथं एकापेक्षा एक तरंगायची साधनं आहेत. आत्तीनं माझ्याकडे असं बघितलं की मला माझी बारावीची गुणपत्रिका आठवली. ती तरातरा धक्क्यावर गेली आणि होडीचा दोर ज्या खुंटाला बांधला होता त्या खुंटावर ऐसपैस बसली. होडीवाले हात जोडू लागले. मॅनेजर धावत आला. त्यानं केशरी जाकीट आणलं, फोमची फळी आणली, शेवटी हवा भरलेला एक भलामोठा गुलाबी बगळा आणला. आत्ती उन्हात बसून होती. कपाळावरचं कुंकू घामानं ओघळलं होतं.

"त्याला सांग," ती मला म्हणाली, "डबा म्हंजे शिकणं. जाकीट म्हंजे आजार. माझ्या भावाला आजारी म्हणून पाण्यात घालायचं न्हाय मला."

मी माझ्या हिंदीत जमेल तसं सांगितलं. मॅनेजरनं आण्णांच्या खोलीकडे बघितलं आणि होडीतली सगळी पोती धक्क्यावर उतरवायला सांगितली. त्या चकचकीत बेटावर, उंची हॅट घातलेल्या पाहुण्यांच्या देखत, कचऱ्याची पोती उघडली गेली. डबा निघाला. आत्तीनं तो वास घेऊन बघितला, समुद्रात खळखळून धुतला, आणि त्या सगळ्या माणसांना दुपारी जेवायला या म्हणून सांगितलं. जेवण त्यांच्याच हॉटेलचं, पण आमंत्रण आत्तीचं.

आता खरी अडचण पुढेच होती. विहिरीला काठ असतो, माणूस ढकलता येतो. इथं वाळू हळूहळू पाण्यात उतरत गेलेली. ढकलणार कुठून? मला धास्ती होती की आत्ती सज्जाचा कठडा बघून ठेवते की काय. पण तिनं आण्णांना काठाशी आणून खुर्चीत बसवलं, लुगड्याचा काचा मारला, दोर घेतला आणि स्वतःच्याच पाठीवर डबा बांधायला सुरुवात केली. बांधला तो लोंबायला लागला. सोडून परत बांधला, तो कुशीत सरकला. गाठ मारायला तिला येतच नव्हती. लहानपणी ती गाठ कायम तिच्या दादानं मारलेली, पुढे लागलीच नाही. मुद्दाम करत नव्हती, ते तिच्या चिडण्यावरून कळत होतं. आण्णा बघत होते. त्यांच्या कपाळावर आठ्या चढत गेल्या.

"अशी न्हवं," आण्णा म्हणाले.

कित्येक महिन्यांत नकोशिवाय त्यांच्या तोंडून आपणहून निघालेले हे पहिले शब्द. काठी रोवून ते उठले, वाळूतून तिच्याजवळ गेले, आणि डाव्या हातानं दोराचं टोक धरून दुसरं टोक कुठून घ्यायचं ते तिला दाखवू लागले. गाठ बसली. आत्तीनं ती लगेच सोडवली, आण्णांच्या मागे गेली आणि त्यांनी दाखवली तशीच त्यांच्या पाठीवर मारली. आण्णांनी तिच्याकडे बघितलं, मग समुद्राकडे. नको म्हणाले नाहीत.

दोघं बहीणभाऊ पाण्यात उतरले. एका बाजूला मी, थोडं लांब रिसॉर्टचा जीवरक्षक. कमरेएवढ्या पाण्यात आत्तीनं आण्णांच्या पोटाखाली दोन्ही हात घातले आणि त्यांना आडवं केलं. डाव्या हातानं पाणी कापलं, डावा पाय हलला. उजवा नुसता वाहत होता. आत्ती त्यांच्याबरोबर पावलं टाकत सूचना देत होती, हात लांब टाक, मान वर धर, दम सोडू नको. मग उजवा पाय हलला. थोडासाच. पण मी बघितला आणि मला पुढचं सगळं धूसर दिसायला लागलं.

"सोड," आण्णा म्हणाले.

"न्हाय," आत्ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या आवाजात मी भीती ऐकली.

"सोड म्हणतोय न्हवं."

तिनं हात काढले. आण्णा एका कुशीवर कलले, तोंडात पाणी गेलं, खोकले, आणि मग एका हातानं, वाकडेतिकडे, पण आपले आपण किनाऱ्याच्या कडेकडेनं पोहत निघाले. जीवरक्षक त्यांच्या मागोमाग गेला. आत्ती तिथंच उभी राहिली. मी तिच्याजवळ गेलो, तर तिचे दोन्ही हात पाण्याखाली अजून तसेच पसरलेले होते आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"दादा मागं वळून बघंना की रं," ती म्हणाली.

मी म्हणालो, आत्ती, हाक मार की, तुझी हाक तर नेसरीपर्यंत जाईल. तिनं नाही म्हणून मान हलवली; हाक मारली असती तर तो थांबला असता. आण्णा लांब लांब जात होते, आणि आमची आत्ती पहिल्यांदाच काही न बोलता बघत उभी होती.