गप्प बसलात तर होय

मला अक्षरओळख पत्रकांनी करून दिली. ‘जाहीर निषेध’ हे शब्द मी ‘कमळ’ आणि ‘बदक’ यांच्या आधी वाचले. बाबा आमच्या गावच्या जमीन बचाव समितीचे चिटणीस. राहायला पनवेलमध्ये दोन खोल्या, जीव मात्र पळस्प्याच्या पुढच्या भातखाचरांत. अशा घरात चोरीचं सॉफ्टवेअर कसं चालेल? ते कुठल्याच घरात चालू नये असं माझं आजही मत आहे, आणि कुणाला ते टोचत असेल तर टोचू दे. कॉलेजात असतानाच मी घरच्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकलं. फुकट मिळतं म्हणून नव्हे, सगळ्यांच्या मालकीचं आहे म्हणून. बाबांना एवढं एकच कारण पुरलं.

लिनक्सवर काही नवीन हवं असेल तर काळ्या पडद्यावर हुकूम टाईप करायचा. मग पॅकेज मॅनेजर नावाचा कारभारी इंटरनेटवरच्या सार्वजनिक कोठारातून ती वस्तू आणतो, तिला लागणारं बाकीचं सामानही आणतो. पण कशालाही हात लावण्याआधी विचारतो: हे हे बसवीन, हे हे काढीन, पुढे जाऊ का?

त्या दिवशी घाई होती: दुसऱ्या दिवशी सकाळी गावच्या देवळात भूसंपादनाचे साहेब येणार होते. शेतांवर गोदामं उभी करायची होती आणि त्यासाठी गावाची संमती हवी होती. आमचा नेहमीचा छापखानेवाला ऐनवेळी म्हणाला, मशीन बिघडलंय. बिघडलेल्या त्याच मशीनवर गोदामवाल्यांची माहितीपत्रकं छापली जात होती, हे बाबांनी दारातून पाहिलं. तेव्हा विरोधाचं पत्रक घरीच छापायचं ठरलं. माझ्या मैत्रिणीचा प्रिंटर उसना आणला. तो चालायला त्याचा ड्रायव्हर, म्हणजे कॉम्प्युटरशी त्याची बोलणी करून देणारा प्रोग्राम, बसवायचा होता. दुपारचं लोडशेडिंग सुरू व्हायच्या आत.

समितीचे अध्यक्ष खास गावाहून आले होते. नात्यानं माझे काका. पूर्वी मिठागरात कामाला, आता भातशेती. जमीन गेली तर सगळ्यात आधी त्यांचीच खाचरं जाणार होती. ते माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले. मी हुकूम दिला. कारभाऱ्यानं यादी दाखवली.

“ही वरची नावं कुणाची?” बाबा.

“बसवायची आहेत.”

“आणि खालचं?”

“ते काढायचंय. जुन्या प्रिंटरचा ड्रायव्हर.”

बाबांनी चष्मा लावला. काका पुढे सरकले.

“काढायचा? त्याला विचारला काय?”

“काका, ते सॉफ्टवेअर आहे.”

“आमालाबी असाच बोलतान साहेब. काका, ती नुसती जमीन हाय.”

बाबांनी हात वर केला. आमच्याकडे हात वर झाला की सभा सुरू. “कारण कळल्याशिवाय कुणालाही हटवायचं नाही. हा समितीचा पहिला ठराव आहे. विचार त्याला कारण.”

सुदैवानं कारभाऱ्याला कारण विचारायचाही एक हुकूम असतो. मी तो टाईप केला. लगेच उत्तर आलं: जुना आणि नवा एकाच जागी राहू शकत नाहीत.

बाबा खुर्चीत मागे टेकले. “बघ. विचारलं आणि सांगितलं. आम्ही किती अर्ज केले, कुणी एवढं सांगितलं नाही.”

“ता ठीक,” काका म्हणाले, “पन पयला तो व्हता. जागा त्याची.”

“बरोबर. मूळ रहिवाशाचा हक्क.”

“बाबा, लाईट जाईल!”

“लाईटला घाबरून विस्थापन मान्य करायचं?”

आई आतून पोळ्यांचं लाटणं घेऊनच बाहेर आली. “अहो, कसला मूळ रहिवासी? तो प्रिंटर गेल्या दिवाळीतच गेला. पलंगाखाली आहे, त्याच्यावर मी लोणच्याची बरणी ठेवलीय.”

काकांनी डोक्यावरची टोपी काढली.

“मंग दुखवट्याचा ठराव घेव,” काका म्हणाले.

“भावोजी, जेवायचंय की नाही तुम्हाला?”

आईचा मुद्दा बिनविरोध मंजूर झाला. मी एंटरकडे बोट नेलं.

“थांब,” बाबा म्हणाले. “तू होय कुठे लिहिलंस?”

“लिहावं लागत नाही. हे बघा, कंसात होयचा वाय मोठा आहे आणि नाहीचा एन छोटा. काहीच न लिहिता एंटर दाबलं तर तो होय धरतो.”

बाबांचा चेहरा असा झाला की मला वाटलं, कॉम्प्युटर आता खिडकीतून खाली जाणार.

“म्हणजे गप्प बसलं की होय?”

“हो.”

“आणि नाही म्हणायचं तर मुद्दाम म्हणायचं?”

“हो.”

“अरे, मग उद्या साहेबांचा डाव याच्याहून काय वेगळा आहे! कुणी हरकत घेतली नाही तर संमती धरणार. आणि आपलं गाव साहेबासमोर कधी तोंड उघडतं का?”

“नाय,” काका म्हणाले. “मान खाली घालतान आनि पायाचा अंगठा बघतान.”

“पत्रकात आहे का हे?” आईनं विचारलं.

होतं. अकराव्या परिच्छेदात. त्याआधी मिठाच्या करापासून जागतिक भांडवलापर्यंत सगळं होतं, बारीक टायपात, दोन्ही बाजूंनी. मी ते आईला वाचून दाखवू लागले, तर तिसऱ्या परिच्छेदाला काकांनी जांभई दिली. त्यांची स्वतःची जमीन जात होती, तरी.

बाबांनी ती जांभई पाहिली. जन्मभर लांब वाक्यं लिहिलेला तो माणूस पेन्सिल घेऊन बसला आणि एकेक परिच्छेद उडवू लागला. जागतिक भांडवल खोडण्याआधी त्यांनी ते दोनदा मोठ्यानं वाचलं. तेवढ्यात लाईट गेली, एंटर राहूनच गेलं.

संध्याकाळी लाईट आली. मी पुन्हा हुकूम दिला आणि प्रश्न येताच बाबांच्या आग्रहास्तव वाय स्पष्ट टाईप केला. प्रिंटर खडखडला. प्रत्येक कागदावर मोठ्या अक्षरांत एवढंच होतं: “गप्प बसलात तर होय धरतील. मोठ्यानं नाय म्हणा.” काकांनी गठ्ठा बगलेत मारला आणि मिनिडोर रिक्षा पकडून ते गावाला गेले. रातोरात घरोघर वाटायचं त्यांनी कबूल केलं होतं.

सकाळी देऊळ भरलं होतं. बाया पुढे, बाप्ये मागे, सगळ्यांच्या हातात कागद. बाबा खांबाला टेकून उभे होते, ओठ घट्ट मिटलेले. समितीतर्फे फक्त चिटणीस बोलणार असा आजवरचा रिवाज, पण आज त्यांनी न बोलायचं ठरवलं होतं. साहेबांनी संमतीचे कागद टेबलावर मांडले, घसा खाकरला आणि हसून विचारलं, “माझा आवाज मागेपर्यंत येतोय ना?”

“नाय!”

सगळं गाव एका दमात ओरडलं. वरच्या कौलांतली कबुतरं उडाली. साहेब दचकून दोन पावलं मागे गेले आणि माईक शोधू लागले. माईक सापडला, आवाज वाढला, प्रश्नही बदलत गेले. उत्तर तेच राहिलं. चहा घेणार का, या प्रश्नालासुद्धा एक म्हातारी नाय म्हणाली आणि मग शेजारणीला कोपरानं ढोसून पुटपुटली, “आगो, चा पायजे व्हता मना.”

संमतीचे कागद कोरेच परत गेले. म्हातारीला चहा काकांनी आपल्या घरून आणून दिला.