दोन कोऱ्या ओळी

संघमित्रा थाळनेरच्या चिंधाची लेक. चिंधा केळीचे घड कापणाऱ्या टोळीत होता. सडक्या कंदाचा वास त्याच्या कपड्यांबरोबर घरात यायचा. आज ती नरडाण्याच्या एका कारखान्यात त्याच सडीच्या जिवाणूला मारणारं रसायन बनवते. आधीची बेचाळीस रसायनं वाया गेली. काचेच्या बशीत जिंकायची आणि शेतात काळ्या मातीला चिकटून बसायची, मुळापर्यंत पोचायचीच नाहीत. त्रेचाळिसाव्यात तिनं रेणूच्या एका टोकाचं क्लोरीन काढलं. मातीनं ते रसायन सोडलं.

चाचणीची बाग बेबाबाईची, तापीकाठी. तिथं दर साली सड यायची. बारा ओळींना औषध घालून संघमित्रानं उरलेल्या दोन ओळींना पांढरी फडकी बांधली. "या कोऱ्या ठेवायच्या, अक्का. थेंबसुद्धा नको. यांच्याकडे पाहूनच कळेल, औषधानं काम केलं की नाही."

दोन महिन्यांनी चौदाच्या चौदा ओळी हिरव्यागार! संघमित्रानं कॅन उचलून पाहिला. रिकामा.

"अक्का, कॅनमधलं उरलेलं औषध कुठंय?"

"दिधं ना त्या दोन ओळीस्ले. पंगतमा बारा जनस्ले वाढानं नि दोन जनस्ले उपाशी उठाडानं? माले नही जमनं, माय. पन बाग तं भारी शे ना?"

कारखान्याचे साहेब म्हणाले, "बाग वाचली, एवढंच लिही की. कोण विचारतंय?"

"यंदा सड आलीच नसेल तर?"

तिनं लिहिलं, चाचणी बाद. साहेब चिडले. "आणखी एक हंगाम घे. गाडी मिळणार नाही, रजा तुझी. तेव्हाही फसलं तर हे काम बंद."

मग पुढच्या हंगामात ती बागेत एसटीनं यायची, कॅन मांडीवर धरून.

"ताई, ताक शे का?" कंडक्टरनं विचारलं.

"केळीसाठे शे, भाऊ. तुम्ही तिकीट फाडा."

यंदा फडकी बेबाबाईनं स्वतः बांधली. तिसऱ्या आठवड्यात कोऱ्या ओळीतलं पहिलं झाड बुंध्यातून मोडलं. मग रोज एखादं. पाणी देताना बेबाबाई तिकडे पाठ करायची, पण कॅनला तिनं हात लावला नाही. शेवटी दोन्ही ओळी आडव्या झाल्या. शेजारच्या बारा ताठ उभ्या.

संघमित्रानं झाडं दोनदा मोजली. हसू येत होतं, पण बेबाबाईसमोर तिनं ते गिळलं.

बेबाबाईच म्हणाली, "आते लिखी टाक, पोरी. ह्या दोन उपाशी उठन्यात, हाई बी लिख."

संघमित्रानं आकडे लिहिले. आणि स्वतःच्या नावाशेजारी बेबाबाईचं नाव: कोऱ्या ओळी यांनी राखल्या.