बाणातला ण

आमची सूनबाई कुठलंही पुस्तक मागून उघडायची. पुढची रंगीत चित्रं, मोठ्या माणसांची प्रस्तावना, तिकडं ती बघायचीच नाही. सरळ शेवटची पानं काढून तिथले प्रश्न वाचायची. "पुस्तक पोराशी कसं बोलतं ते मागं कळतं, बाबा," म्हणायची. माझे वडील बाजारात बैलाचे दात बघायचे, तसंच हे. मला ते पटायचं. पण सासऱ्यानं सगळंच बोलून दाखवायचं नसतं.

ती बदलापूरकडची, शेतकऱ्याची लेक, बारावी झालेली. मी तिसरीतून शाळा सोडलेला. पण अंबरनाथच्या कारखान्यात मान वर ठेवून नोकरी केली, कुणाचं ऐकून घेतलं नाही. आमच्या घरात शिकवायची गोष्ट निघाली ती माझ्या नातीच्या तहानेवरनं.

मोठी नात मुक्ता दुसरीत होती. शाळेतून आली की दप्तर टाकून आधी माठाकडं पळायची आणि घटाघटा प्यायची. रोजचंच झालं, तेव्हा सूनबाईनं तिला जवळ घेऊन विचारलं. पोरीनं वर्गात "बाई, पानी पिऊ का?" म्हटलं होतं. बाई म्हणाल्या, "आधी पाणी म्हण, मग पी." सगळा वर्ग हसला. पोरीची जीभ काही ण वर वळेना. तेव्हापासून ती दिवसभर कोरडी बसायची. पुढं पुढं वर्गात तोंड उघडणंच बंद केलं. मग घरातसुद्धा मानेनंच हो-नाही.

सूनबाई भांडायला गेली नाही. जाऊन दोन्ही पोरींची नावं शाळेतून काढून आली. माझा मुलगा आनंदनगरच्या कारखान्यातून ड्यूटी करून आला आणि डोक्याला हात लावून बसला. "बाबा, तुम्ही तरी सांगा हिला. पोरी काय घरात बसून शिकणार?"

मी म्हणालो, "जिथं पोरीला पानी मिळत नाही, ती शाळा कसली? ऱ्हाऊ दे घरी."

शेजारपाजारचे तिला 'मास्तरीण' म्हणून टोमणे मारायला लागले. ती हाकेला ओ द्यायची. टोमणा मारणाराच ओशाळायचा.

गणिताचं, परिसराचं शाळेचंच पुस्तक तिनं चालवलं. अडलं ते शुद्धलेखनापाशी. "बाकी कुठलंही पुस्तक चुकलं तर बदलता येईल," ती म्हणाली. "हे चुकलं तर पोरगी कायमची मिटून जाईल." उल्हासनगरला एका सिंधी दुकानदाराकडं जुनी-नवी पुस्तकं मिळायची. पिशवी धरायला मी बरोबर असायचो.

"भाभी, ये लो. सब स्कूल में यही चलता है," तो म्हणाला.

"भाईसाहब, सब स्कूल में चलता है, इसीलिए तो डर लगता है."

तरी तिनं ते घेतलं. घरी येऊन पोरीला नाही, मला दिलं.

"वाचा."

"मी काय पोर आहे?"

"नाही, म्हणूनच. तुम्हाला जिथं राग येईल, तिथं पोरीला रडू येणार. पोरगी काही सांगत नाही. तुमचा राग गल्लीच्या टोकापर्यंत कळतो."

मी बोट ठेवून वाचायला लागलो. पानावर दोन रांगा होत्या. एकीवर लिहिलेलं 'अशुद्ध', दुसरीवर 'शुद्ध'. अशुद्धच्या रांगेत पानी, लोनी, कोन, आनि. माझी आई जन्मभर जे बोलली, ते सगळं एका रांगेत उभं केलेलं. मी पुस्तक भिरकावलं. सूनबाईनं ते उचललं, धूळ झटकली आणि शांतपणे म्हणाली, "झालं. हे परत."

दुसऱ्या पुस्तकात नुसते नियम. दुसऱ्याच पानावर मी घोरायला लागलो. तेही परत. दुकानदार वैतागला. "भाभी, किताब है, चप्पल नहीं कि पैर में डाल के वापस लाओ!"

"चप्पल काटे तो पैर दुखता है, भाईसाहब," ती म्हणाली. त्यानं हसत तिसरं काढलं.

ते पातळ होतं, साधं. त्यात अशुद्धची रांगच नव्हती. छोट्या छोट्या गोष्टी, आणि अक्षर म्हणताना जीभ कुठं लावायची त्याची चित्रं. ण च्या पानावर लिहिलेलं, जिभेचं टोक मागं वळवून टाळूला लावा. मी वळवलं. माझी कवळी सुटली आणि पुस्तकावर पडली.

धाकटी खिदळली. आणि मुक्ता, जी कितीतरी दिवस गप्प होती, ती पोट धरून हसली. मग माझ्यासमोर आ करून बसली. "आजोबा, अशी नाही. अशी. ण."

सूनबाई भाकऱ्या थापत होती. तिचा हात परातीतच थांबला. बराच वेळ तिनं मागं वळून बघितलं नाही.

तेच पुस्तक ठरलं. पोरींच्या जोडीनं मीही गिरवलं, माझा ण सुधारायला नको का! सूनबाईनं घरातलं पानी मात्र कुणाला सोडू दिलं नाही. "बोलताना घरचं, लिहिताना पुस्तकाचं," म्हणायची. "तहान दोन्हीनं भागते." पुढं मुक्ता दुसऱ्या शाळेत चौथीत बसली. पहिल्याच दिवशी वर्गात हात वर करून तिनं पाणी मागितलं. न म्हणाली की ण, मी विचारलं नाही. प्यायली, एवढं पुरे.

आता ती मंडळी बदलापूरला मोठ्या घरात राहायला गेलीत. मी हट्टानं इथंच, अंबरनाथला आहे. उन्हाळ्यात दाराबाहेर येणाऱ्याजाणाऱ्यासाठी माठ ठेवतो. वर भिंतीवर खडूनं मी माझ्या हातानं लिहिलंय, 'पिण्याचं पाणी'. दोन ण आहेत त्यात, कुणीही येऊन बघावं.

मागच्या वैशाखात सूनबाई भेटायला आली. स्टेशनवरनं भर उन्हात चालत आलेली. पिशवी टेकवत म्हणाली, "बाबा, आधी पानी द्या."

मी तांब्या भरून दिला. तिला पोटभर पिऊ दिलं. मग भिंतीकडं बोट करून म्हणालो, "आता म्हण, पाणी."

हसता हसता तिला ठसका लागला. मी पुन्हा तांब्या भरला.