देव बसमध्ये राहिले त्या दिवसाची गोष्ट

आमच्या देव्हाऱ्यापुढं हात जोडले की माझी मान जरा जास्तच खाली जाते. शेजारपाजारचे म्हणतात, काय भक्ती आहे माणसाची! ती भक्ती नाही, लाज आहे. ती कशी पदरात पडली ते आज सांगून टाकतो. देवानं मला दर्शन दिलं, कौल दिला, असलं काही म्हणायची माझी लायकी नाही. घडलं तेवढंच सांगतो.

तेव्हा मी पंचविशीत होतो. माळेगावच्या शिवारात आमचा ऊस आणि थोडा भाजीपाला. कारखाना नुकताच सुरू झालेला आणि आमचा थोरला भाऊ, दादा, तिथं कामाला लागलेला. धाकट्या बहिणीचं लग्न चार दिवसांवर आलं होतं. देव्हाऱ्यातले चांदीचे टाक, म्हणजे बोटाएवढ्या पत्र्यावर ठोकून काढलेले खंडोबा, म्हाळसा आणि भवानी, पिढ्यान्‌पिढ्या हात लागून पार झिजले होते. म्हणून आबांनी, आमच्या वडिलांनी, ते पुण्याला रविवार पेठेतल्या ओळखीच्या सोनाराकडं उजळायला दिले होते. आता ते आणायला जायचं कुणी? मी लगेच पुढं झालो. म्हणालो, "दादाला नका पाठवू आबा. त्यो कारखान्यावर कुणाच्याबी शेजारी बसून च्या पितोय. त्याच्या हातात देव द्यायचं का?" दादा नुसता हसला. "जा बाबा तूच. आमी काय, बाटल्यालंच हाय." त्याचं हसणं मला झोंबलं, पण मी ते अभिमानानं गिळलं. मी रविवारचा उपास करणारा, कपाळाचा भंडारा कधी न पुसणारा. माझ्याएवढं सोवळं घरात कुणाचंच नव्हतं. आबांनी बजावून सांगितलं: देव जवळ असेपर्यंत पायात वहाण नको, देव भुईवर टेकवायचे नाहीत आणि परक्याचा हात लागू द्यायचा नाही.

पुण्याला त्याआधी दोनदाच गेलो होतो, तेही आबांचं बोट धरल्यासारखा. सोनारानं टाक नव्या लाल कापडात गुंडाळले, वर मूठभर भंडारा टाकला आणि तांब्याच्या लहान डब्यात घालून दिले. डबा छातीशी धरून मी स्वारगेटकडं जाणाऱ्या सिटीबसमध्ये चढलो. वैशाखाचं ऊन, डांबर तळपायाला चटके देत होतं, पण त्या चटक्यांचाही मला दिमाखच वाटत होता. खिडकीकडची जागा मिळाली. कंडक्टर जवळ आला तसा डबा मी मांडीवरून उचलून बाकाच्या कोपऱ्यात, खिडकीच्या अंगाला ठेवला आणि तिकिटासाठी खिशात हात घातला.

तिकीट हातात पडतंय तोवर पुढचा थांबा आला. पन्नाशीची एक बाई चढली. हातात खराटा, पदर कमरेला खोचलेला, केसांवर रस्त्याची धूळ. सकाळची झाडलोट उरकून घरी निघालेली असावी. बस भरलेली होती, रिकामी जागा फक्त माझ्या शेजारी. तरी ती दांडीला धरून उभीच राहिली. कंडक्टरच म्हणाला, "मावशी, बसा की, जागा हाय." तेव्हा ती बाकाच्या अगदी काठावर टेकली, अर्धी बाहेरच. तिच्या पदराचं टोक माझ्या कोपराला लागलं मात्र, अंगावर पाल पडावी तसा मी ताडकन उठलो. "ऊठ आधी! माझ्याजवळ देव हायती, कळत न्हाय?" ती उठून मागं सरली. कंडक्टरला मात्र राग आला. "पावणं, तिकीट समद्यांचं सारखंच असतंय. देवाला चालत नसंल तर बैलगाडीतनं न्यायचं हुतं." सगळी बस खो खो हसली. माझा राग पहिल्यापासूनच नाकाच्या शेंड्यावर. "मला न्हाय बसायचं असल्या गाडीत," असं ओरडून मी मंडईच्या थांब्यावर तरातरा उतरलो. उतरताना धोतराचा सोगा आवरून घेतला, तिला लागू नये म्हणून. एवढी हुशारी मला होती.

थांब्याजवळ नळ होता. आधी विटाळ धुवावा म्हणून मी दोन्ही हात कोपरापर्यंत धुतले, तोंडावर पाणी मारलं, येळकोट म्हटलं. मग ओल्या हातांनी डबा उचलायला वळलो, आणि ध्यानात आलं की मी डबा खाली ठेवलाच नव्हता. मी रिकाम्या हातांनीच उतरलो होतो. ज्यांच्यासाठी एवढा थयथयाट केला ते देवच बाकावर राहिले होते.

बस केव्हाच नजरेआड झाली होती. मी त्या दिशेनं धावलो, दम लागला, मग मागून आली त्या बसमध्ये पाटी न वाचताच चढलो. ती निघाली भलतीकडं. पूलगेटला उतरलो, विचारत विचारत दुसरी गाडी धरली, तीही चुकली, शेवटी कसाबसा स्वारगेटला पोचलो. दिसेल त्या कंडक्टरपुढं हात जोडत होतो. जो तो विचारायचा, डब्यात काय होतं? आणि देव होते असं सांगायला माझी जीभ रेटेना. "सामान हुतं," एवढंच म्हणायचो. खंडेरायाला मी त्या दिवशी दहा माणसांपुढं सामान म्हणालो.

डबा कुठंच जमा झालेला नव्हता. दुपार टळत आली होती. थांब्याच्या कडेला मी मटकन बसलो. घरी मांडव पडला होता, देवांवाचून देवक बसवायचं कसं आणि आबांना तोंड दाखवायचं कसं? आणि खरं सांगतो, तेव्हा मनात नको ते आलं. म्हटलं, एका बसमधून हरवतोस, तुझ्यात सत्त्व ते काय असणार? माझी चूक मला दिसत होती, पण मी देवाचीच काढत बसलो आणि पोरासारखा रडायला लागलो. जवळ एक म्हातारे गृहस्थ गाडीची वाट बघत उभे होते. त्यांनी सगळं विचारून घेतलं आणि म्हणाले, "उतरला कुठं हुतास?" मी म्हटलं, मंडईला. "मग हितं काय करतुयास? ज्याला गावलंय त्योबी तुला हुडकत असंल. दोघंबी फिरत ऱ्हायला तर गाठ कशी पडायची? जा, उतरलास तितंच जाऊन उभा ऱ्हा." सकाळपासून मी धावत होतो, आणि थांब म्हणणारा तो पहिला माणूस भेटला. त्यांचं ऐकावंसं का वाटलं ते आजही सांगता येत नाही. माझ्या स्वभावात ते नव्हतं.

मंडईच्या थांब्यावर आलो तर ती बाई तिथं बसली होती. दगडी कट्ट्यावर, भर उन्हात. वहाणा काढून बाजूला ठेवलेल्या, मांडीवर पदराची घडी, घडीवर माझा डबा आणि डब्यावर दोन्ही हात. मला बघून ती चटकन उठली. "आलासा मालक? लई येळ केलासा." पुढच्याच थांब्यावर उतरून ती चालत परत आली होती आणि मी बस बदलत पुणं पालथं घालत होतो तेवढा सगळा वेळ ती तिथंच होती. कंडक्टर म्हणाला होता, डबा द्या, डेपोत ठेवतो. "म्या म्हनलं, तितं फरशीवर ठिवाल. देव भुईला टेकवत न्हाईत." सावलीत का बसला नाहीत, असं मी विचारलं, कारण दुसरं काही सुचेना. "सावलीत मानसं खेटत्यात. कुनाचा धक्का लागाय नगं." डबा तिनं उघडून बघितला नव्हता. आत कोणते देव आहेत ते भंडाऱ्याच्या वासावरून ओळखलं म्हणाली. "आमचाबी खंडोबाच हाय."

मी दोन्ही हात पुढं करायला हवे होते. हातात द्या, हे शब्द ओठापर्यंत आले होते. पण आजूबाजूच्या माळणी बघत होत्या, आणि माझे हात उचललेच गेले नाहीत. तिनं ते ओळखलं. पदरानं कट्टा पुसला, डबा त्यावर अलगद ठेवला, नमस्कार केला आणि चार पावलं मागं सरून म्हणाली, "उचला मालक." मी उचलला. तिला नाव विचारलं नाही, पाणी विचारलं नाही. खराटा घेऊन ती चालू लागली आणि मी खाली मान घालून स्वारगेटची वाट धरली.

घरी पोचलो तेव्हा रात्र झाली होती. देव घेऊन आलेल्याचे पाय धुवायचे आणि घरातल्या थोरामोठ्यांनीही त्याच्या पाया पडायचं, ही आमच्याकडची रीत. उंबऱ्यावर वहिनीनं पायांवर पाणी घातलं. आबांनी विचारलं, "कुणाचा हात तर लागला न्हाय न्हवं?" मी म्हणालो, "न्हाय." एका शब्दात मोकळा झालो. मग दादा वाकला. माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा माझा भाऊ, टोपी काढून, माझ्या भाजलेल्या पायांवर डोकं ठेवायला. सकाळी मी त्याला काय बोललो होतो ते त्याच्या ध्यानातही नसावं. त्याचं कपाळ पायाला लागायच्या आत मी पाय मागं ओढले आणि भडाभडा सगळं बोलून गेलो. बस, बाई, नळ, कट्टा, आणि आत्ताची थापसुद्धा.

वहिनी भीतभीत म्हणाली, "आबा, गोमूत्र आणू का? देवावर शिंपडाय लागंल."

आबांनी डब्याकडं बघितलं. मग म्हणाले, "आण. पर देवावर नगं. देव त्या माउलीच्या मांडीवर हुतं, त्यास्नी काय झालंय? ह्याच्यावर शिंपड."

दादानंच शिंपडलं, आणि तो हसला नाही. मग आबांनी माझ्या हातून डबा काढून घेतला आणि देव आत नेले.

बहिणीचं लग्न नीट पार पडलं. पुढं पुण्याला गेलो की मी मंडईच्या थांब्यावर उभा राहायचो. ती पुन्हा दिसली नाही, आणि नावच माहीत नाही तर विचारणार कुणाला? आज मी तिचे आभार मानतो ते देव्हाऱ्यापुढंच, कारण तिला गाठायला दुसरी जागा मला ठाऊक नाही. त्या उन्हात तिच्या रूपानं कोण बसलं होतं, याचा वाद मी घालत नाही. मला एवढंच कळलं की देव मी सांभाळत नव्हतो. मी त्यांना सोडून गेलो, तरी त्यांनी मला घरी आणलं. आता मी तरातरा कुठं निघत नाही. बसमध्ये जागा असली तर सरकून बसतो आणि शेजारी कोण बसेल ते देवावर सोडतो.