कापसामागचा दिवा

सरकीसकट कापसाचा उबट वास आला, की शिंदखेड्याच्या घरातली ती दुपार आठवते. सगळे दिवे बंद होते, तरी मीटरची चकती फिरतच होती.

"बठ्ठा दिवा बंद शेतस, मंग हाई का बरं फिरी राहिनी?" माझे वडील, नाना, चक्रावले.

आईला एकदम मागची खोली आठवली. तिथं वेचणीचा कापूस पार वरपर्यंत रचला होता. ती ढीग चढून पलीकडे उतरली. भिंतीवरचा बल्ब कापूस भरल्यापासून तसाच जळत होता. जवळचा कापूस तांबूस पडला होता. तिनं घाईनं बटण बंद केलं.

"थांबली!" मी मीटरपाशी ओरडले.

आई घसरतच खाली आली, केसभर कापूस घेऊन. घाबरलेले नाना तिला बघून म्हणाले, "तू ते म्हातारी हुई गई!"

घर थोडक्यात वाचलं, हे मला आता कळतं. तेव्हा आम्ही तिघं त्या ढिगात लोळून हसत होतो.